पहारेकऱ्याचं काम

तिनं माझी हनुवटी दोन बोटांत धरली, तोंड खिडकीकडे वळवलं, बाजारात कलिंगड निवडावं तसं या बाजूनं त्या बाजूनं पाहिलं आणि टेबलापलीकडच्या सहकाऱ्याला म्हणाली, "हा बघ, पहारेकरी! मेकअपसुद्धा नको." आयुष्यात बायकांनी मला बरंच काही म्हटलं आहे, पण इतक्या कौतुकानं कोणी काही म्हटलेलं नव्हतं. मी तिथं गेलो होतो तो गुद्रुनमुळे. गुद्रुन माझी बायको. हाले शहराच्या ट्रॅममध्ये तिनं जन्मभर तिकिटं तपासली, त्यामुळे चार माणसं जमलेली दिसली की तिला राहवत नाही. जुन्या सांस्कृतिक भवनात सिनेमासाठी गर्दीतली माणसं निवडणार आहेत आणि दुपारी गरम जेवण आहे, असं तिनं कुठंतरी ऐकलं. "तुला नुसतं उभं राहायचंय," ती म्हणाली होती, "ते तुला घरीही छान जमतं." प्रत्यक्षात तिलाच नाकारलं. माणसं निवडणाऱ्या त्या मुलीनं फार हळुवारपणे सांगितलं की तुमचा चेहरा फार आनंदी आहे, कम्युनिस्टांच्या त्या काळाला शोभत नाही. "पण मी त्या काळात आनंदी होते," गुद्रुन म्हणाली. "निदान रविवारी तरी." मुलगी हसली. तिचा जन्म त्या काळानंतरचा, त्यामुळे तिला त्या काळाची पक्की माहिती होती.

"गोष्ट अगदी खरी आहे हं," माझ्या खांद्यांचं माप घेता घेता ती सांगू लागली. "तुमच्याच गावात घडलेली. नाट्यगृहात एक दिवेवाला असतो. प्रजासत्ताकाचा वाढदिवस, मंचावर पक्षाच्या पुढाऱ्याचं भाषण, आणि हा पठ्ठ्या दिव्याचा झोत उचलतो तो थेट सज्जात झोपलेल्या पाहुण्याच्या तोंडावर! मग काय, तुरुंग. तो माणूस अजून आहे. डेटलेफ हासलबाख. शाळाशाळांतून सांगत फिरतो. इतका गोड माणूस आहे! हात वर करा."

मी हात वर केले. मापाची फीत काखेतून फिरली, थंड लागली, आणि तेवढ्यात माझ्या उजव्या तळव्याला दुसऱ्याच कशाचा तरी चटका बसला. झोताच्या दिव्याची मूठ अशीच तापायची, आम्ही तिला फडकं गुंडाळत असू. त्या संध्याकाळी फडकं नव्हतं. मंचावरचा पुढारी म्हणत होता की आपलं राष्ट्र सदैव जागं आहे, आणि सज्जात बर्लिनहून आलेला म्हातारा कॉम्रेड तोंड उघडं टाकून झोपला होता. दोन गोष्टी इतक्या जवळ होत्या की त्यांच्यावर एकत्र उजेड न टाकणं हा धंद्याशी द्रोह झाला असता. मी मूठ फिरवली. म्हातारा दचकून जागा झाला, आपलं नाव पुकारलं असं वाटून उठला आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागला. तो उभा राहिल्यावर सगळ्या नाट्यगृहाला उभं राहावं लागलं, सगळ्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या, पुढाऱ्यालाही. हसू दाबून माणसांच्या माना लाल झालेल्या मला वरून दिसत होत्या. तितकी उत्तम प्रकाशयोजना मला पुन्हा कधी साधली नाही. शिडीखाली चांगल्या कोटातले दोन गृहस्थ वाट बघत होते. "सावकाश उतरा हं," त्यातला एक म्हणाला, "पायऱ्या निसरड्या आहेत." तो दिवेवाला मी होतो. हासलबाख आमचा प्रॉम्प्टर होता. मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोका असतो, त्यात बसून तो नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजायचा. त्या खोक्यातून ना सज्जा दिसायचा ना दिवा. नटांचे गुडघे तेवढे दिसायचे.

घरी गुद्रुननं बटाट्याचं सूप वाढलं आणि पळी हातातच धरून उभी राहिली. लग्नाआधी, तिच्या आईच्या बागेत बटाटे काढताना, मी तिला सगळं एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. ती फक्त कधीतरी सकाळी म्हणते, "तू अजून तसाच झोपतोस. उताणा, हात पांघरुणावर. मढ्यासारखा." आत तसंच झोपावं लागे, दाराच्या भोकातून बघणाऱ्याला हात दिसायला हवेत. माझं मन सुटून आलं, पाठीला कोणी कळवलंच नाही.

"उद्या जा आणि सांग त्यांना," ती म्हणाली.

"मी काम घेतलंय."

"कसलं काम?"

"पहारेकऱ्याचं."

पळी भांड्यात पडली. "झिग्मार, तुला वेड लागलंय का? स्वतःच्याच कोठडीचं दार लावणार तू?"

"हासलबाख सल्लागार आहे. रोज येणार."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. तिकीट नसलेल्या माणसाकडे बघायची तशी. "मारामारी करू नकोस," अखेर ती म्हणाली, "तुझी कंबर धरते."

मारामारी माझ्या मनात नव्हती. मला एकच हवं होतं, आणि ते मला सूप संपायच्या आत इतकं स्वच्छ दिसलं की भूक वाढली. हासलबाखनं चारचौघांत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि म्हणायचं की दिवा झिग्मार कुनाटनं फिरवला. बस. इतकी वर्षं मी गप्प होतो कारण आत गप्प राहायची सवय लागली होती, आणि बाहेर आल्यावर, राष्ट्र बुडाल्यावर, सगळेच एकदम बोलू लागले. त्या गलक्यात आपणही कशाला, असं वाटलं. दिवेवाल्याला आपल्यावर उजेड पाडून घ्यायची सवय नसते. पण गप्प बसणं वेगळं आणि आपलं गप्प बसणं दुसऱ्यानं अंगात घालून फिरणं वेगळं. आपण बागेच्या झोपडीत टांगून ठेवलेला जुना कोट रस्त्यात दुसऱ्याच्या अंगावर दिसावा, आणि तो त्याला नेमका बसावा.

कोठडी एका बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत बांधली होती, प्लायवूडची. तीन भिंती खिळलेल्या, चौथी चाकांवर. कॅमेऱ्याला जागा हवी झाली की दोन माणसं भिंत ढकलून बाजूला करत आणि काम झालं की परत आणत. मी पहिल्या दिवशी बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसलो. इतकं सोपं होतं तर. खिडकीच्या जागी काचेच्या जाड विटा लावल्या होत्या, त्या बरोबर होत्या. वास चुकला होता. खऱ्या जागेला फरशीच्या मेणाचा वास होता आणि आमच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्याच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा. इथं ताज्या रंगाचा वास आणि मसुराच्या सूपचा. आणि सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. सिनेमावाल्यांची तशी रीतच आहे, दिग्दर्शिकेपासून केबल उचलणाऱ्यापर्यंत. दिग्दर्शिका स्वेन्या ओल्सेन हॅम्बुर्गची, वय माझ्या पादत्राणांपेक्षा थोडं जास्त. तीही आल्या आल्या म्हणाली, "झिग्मार, तू कमाल दिसतोस!" आत असताना आम्हाला मात्र सगळे अहो-जाहो करत. नाव नाही, नंबर, पण अहो-जाहो. नंबर दोन, उठा. नंबर दोन, चला. माणसाला इतक्या आदरानं कोणी पुन्हा वागवलं नाही.

हासलबाख मला ओळखणार नाही अशी माझी समजूत होती. गणवेश, टोपी, मधली वर्षं. तो जेवणाच्या तंबूत शिरला, केस पांढरेशुभ्र, गळ्यात लोकरीचा मफलर, साक्षात शहाणपणा. माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पसरून आला. "झिग्मार! लेका, तूही इथं?" त्यानं मला मिठी मारली. माझ्या हातात सूपचा वाडगा होता, तो सांडू नये म्हणून मी हलू शकलो नाही. बाहेरून ते प्रेमानं स्तब्ध झाल्यासारखं दिसलं असणार.

"गोष्ट माझी आहे, डेटलेफ," मी म्हणालो.

"आपली आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज अजून तसाच होता, कुजबुजला तरी शेवटच्या रांगेत पोचणारा. "हे बघ, आधी मी 'आमचा झिग्मार' असंच सांगायचो. मग 'आम्ही' म्हणू लागलो. पण पोरांना 'आम्ही' कळत नाही रे. त्यांना समोर माणूस लागतो. एकीनं रडत विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? आता तिला काय सांगू, मी खोक्यात होतो म्हणून? तू तर बोललाच नाहीस कधी. इतकी चांगली गोष्ट, नुसती पडून होती. वाया गेली असती." शिळा पाव बदकांना घालणारी माणसं असतात, त्यांच्या चेहऱ्यावर असतं तसं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यानं माझ्या गणवेशाची कॉलर नीट केली. "तुला शोभतो," तो म्हणाला. "सूप घे ना, निवतंय."

मी सूप घेतलं. चांगलं होतं. त्याचाही राग आला.

त्यानंतरचे दिवस मी वाट बघण्यात घालवले. वाट बघण्याचं माझं शिक्षण सरकारी खर्चानं झालेलं आहे. मी दार उघडत होतो, दार लावत होतो, भोकातून बघत होतो. आत माझं काम करणारा देखणा पोरगा उताणा पडून छताकडे बघायचा, आणि हासलबाख कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीतून त्याला सांगायचा की मला तेव्हा आईची आठवण येत असे. मला तेव्हा लोणच्याच्या काकडीची आठवण येत असे, रात्रंदिवस. आईची नंतर आली, आणि मग ती आठवू नये म्हणून मी पुन्हा काकडी आठवत असे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून ते चोरीला गेलं नव्हतं. भोकाला डोळा लावला की एक विचित्र गोष्ट होई. आतल्या पोराची मला कीव येत नसे. तो कुशीवर वळला तर दारावर ठोका मारावासा वाटे. एकदा मी मारलाही. स्वेन्या म्हणाली, "वा, हे ठेवू या."

मग तो दिवस आला. बोळातला प्रसंग होता. एका कैद्याला दुसरा दिसू नये म्हणून समोरून कोणी आलं की पहिल्याला भिंतीकडे तोंड करून उभं करत. देखण्या पोराला ते जमेना. तो चित्रकारासमोर पोज दिल्यासारखा उभा राहायचा. स्वेन्या वैतागून म्हणाली, "डेटलेफ, एकदा तू करून दाखव ना. आणि झिग्मार, तू त्याला आण." सगळे गोळा झाले. केबलवाले, शिवणकामाच्या बायका, कोठडीची भिंत ढकलणारे दोघं. हासलबाखनं मफलर काढून खुर्चीवर ठेवला, भिंतीपाशी गेला आणि बँक लुटली जात असताना गिऱ्हाईक उभं राहतं तसे दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा राहिला.

"नंबर दोन," मी म्हणालो. संहितेत तिथं ओरडायचं होतं. मी ओरडलो नाही. "हात मागे घ्या. पाय जवळ. कपाळ टेकवू नका, रंग ओला आहे."

तो आवाज माझा नव्हता. जिभेवर पेपरमिंटची चव आली, खरीखुरी, आणि लक्षात आलं की हा आवाज मी जपून ठेवला होता, बारीकसारीक खरखरीसकट. रोज कानात ओतलेला आवाज कुठं जाणार? तो घशात खाली उतरून बसला होता आणि नुसत्या टोपीची वाट बघत होता. हासलबाखचे हात मागे आले. खांदे पडले. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि काहीच केलं नाही. खरी गंमत त्यातच असते. माणूस भिंतीकडे बघतो, मागे कोणीतरी काहीच करत नाही, आणि त्याला ते ऐकू येतं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. मला वाटलं, आता. मला फार आनंद झाला होता. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि, हा माणूस खोक्यातून नटांना कुजबुजायचा तसं, अगदी मऊपणे विचारलं, "दिवा कोणी फिरवला?"

त्यानं मान किंचित वळवली, मी म्हणालो, "समोर बघा." त्यानं समोर बघितलं. मग भिंतीला म्हणाला, "मी."

"पुन्हा सांगा."

"मी फिरवला," तो म्हणाला आणि रडू लागला. खोटं रडणं मला ओळखता येतं, जन्म त्यावर उजेड टाकण्यात गेला. हे खरं होतं. त्या क्षणी त्याला मूठ लागली होती, चटका बसला होता, शिडी उतरली होती. मी त्याला माझ्या जागी इतक्या नीट उभं केलं होतं की तो तिथलाच झाला. टाळ्या पडल्या. शिवणकामाची एक बाई रडत होती. माझ्याजवळून जाताना ती जरा लांबून गेली.

स्वेन्यानं मला बाजूला घेतलं. "तू हे कुठं शिकलास?"

"तिथंच," मी म्हणालो.

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. चेहरा गंभीर, समजूतदार. "मला वाटलंच होतं. मी तुला दोष देत नाही, झिग्मार. तू पुढं आलास, हेच मोठं आहे." मी तोंड उघडलं. तिच्या खांद्यावरून हासलबाख दिसत होता, कोणीतरी त्याच्याभोवती घोंगडी गुंडाळली होती, हातात कोको दिला होता, आणि घोंगडीतून तो माझ्याकडे बघत होता. घाबरून नाही. काम फत्ते झाल्यासारखा. मी तोंड मिटलं. माझं काम वाढवण्यात आलं.

सिनेमा हिवाळ्यात लागला. पहिला खेळ आमच्याच गावात, बाजारामागच्या जुन्या चित्रगृहात, महापौरीणबाईंसकट. पडद्यावर माझं नाक दुमजली घराएवढं होतं. "दिवा कोणी फिरवला?" असं ते नाक म्हणालं तेव्हा चित्रगृहातून एक आवाज आला, साप चावल्यावर येतो तसा. गुद्रुन तिसऱ्या रांगेत होती. तिच्या शेजारची बाई कुजबुजली, "असल्या लोकांना पेन्शन मिळते म्हणे." गुद्रुन म्हणाली, "मिळते. कमी आहे, पण मिळते." हे मला तिनं मध्यंतरात सांगितलं आणि विचारलं, "आज तरी सांगणार आहेस ना?" मी म्हटलं, आजच. खिशात हात घालून मी वाक्य पाठ करत होतो. एकच वाक्य होतं, तरी प्रॉम्प्टरची गरज पडेल असं वाटत होतं.

सिनेमा संपल्यावर आपल्याकडे माणसांना घरी सोडत नाहीत. मंचावर खुर्च्या मांडतात, पाण्याच्या बाटल्या ठेवतात आणि चर्चा होते. स्वेन्या, देखणा पोरगा, हासलबाख, कडेला मी. पहिले एक निवृत्त शिक्षक उठले. त्यांचा प्रश्न नव्हता, त्यांना फक्त काही मुद्दे मांडायचे होते. मुद्दे संपल्यावर मागच्या रांगेतली एक तरुणी उठली. तिनं माझ्याकडेच बघितलं. "पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या गृहस्थांना विचारायचंय. असं काम अभ्यासानं येत नाही. तुम्ही तेव्हा कुठं होतात?"

माझ्यापुढं ध्वनिक्षेपक आला. वाक्य घशापर्यंत आलं. पण हासलबाख आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्याच्या अर्धा श्वास आधी बोलत आला होता. तो उठला, माझ्यापाशी आला, माझा हात दोन्ही हातांत घेतला. "हे प्रश्न आपण विचारू नयेत," तो चित्रगृहाला म्हणाला. "या माणसाला इथं येऊन बसायला किती बळ लागलं असेल. तो दाराच्या त्या बाजूला होता, मी या बाजूला. मी त्याला क्षमा केली आहे."

लोक उभे राहिले. आधी महापौरीणबाई, मग सगळे. टाळ्या थांबेनात. काही जण डोळे पुसत होते. हासलबाखचे हात उबदार आणि कोरडे होते. मला त्या टाळ्यांची शेवटची रांग दिसत होती आणि स्वच्छ समजत होतं की आता मी काहीही म्हणालो तरी तो एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा कांगावा होणार. आता हा म्हणतो, मीच कैदी! कागद असतील कुठंतरी, पण पडद्यावर दुमजली नाक बघितल्यावर कागद बघायला कोण जातं? कैदी म्हणून माझ्यावर या गावात कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. आणि मग, टाळ्या विरता विरता, दिव्याची मूठ फिरावी तसं मला लख्ख दिसलं की पहारेकरी म्हणून मात्र माझ्यावर सगळ्यांचा पूर्ण विश्वास आहे.

मी हात सोडवून घेतला. उभा राहिलो. आवाज शोधावा लागला नाही, तो तयारच होता.

"आभारी आहे," मी म्हणालो. "क्षमा मिळाल्यावर माणसानं खरं सांगावं. त्या मजल्यावर मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत होतो. प्रत्येक कोठडीतला प्रत्येक चेहरा मी रोज बघितला, आम्हाला बघावंच लागे. या गृहस्थांना मी तिथं कधीही पाहिलं नाही."

बाटलीतल्या पाण्याचे बुडबुडे ऐकू आले. हासलबाख हसला, मग हसू ठेवायला जागा न मिळाल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. "झिग्मार," तो म्हणाला, पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत न पोचणाऱ्या आवाजात, "सांग ना त्यांना. मी तिथं होतो, सांग."

"समोर बघा," मी म्हणालो. त्यानं समोर बघितलं. समोर लोक होते. त्यांचे चेहरे बदलत होते, एकेक करून, रांगेनं. स्वेन्यानं डोळ्यांवर हात घेतला होता.

ती तरुणी अजून उभीच होती. "मग त्या कोठडीत कोण होतं?" तिनं विचारलं.

तिसऱ्या रांगेत गुद्रुन उठली. तिनं हात वर केला होता, तोंड उघडलं होतं, ट्रॅमच्या शेवटच्या डब्यापर्यंत जाणारा तिचा आवाज अगदी ओठांवर आला होता. दिवेवाला म्हणून माझं नाव त्या चित्रगृहात फक्त तिच्याकडे शिल्लक होतं. तिनं ते उच्चारलं असतं तर मी पुन्हा मी झालो असतो, आणि पहारेकऱ्याचा शब्द खोटा पडून हासलबाख सुटला असता. मी तिच्याकडे बघून मान हलवली. नको. ती तशीच उभी राहिली. मग तिचा हात खाली आला, तिनं पर्स उचलली आणि माणसांचे गुडघे ओलांडत ती बाहेर जाऊ लागली.

"होता एक दिवेवाला," मी त्या मुलीला म्हणालो. "नाव काही लक्षात नाही."

आणि खाली बसलो. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.